पाच जीमेल खाती काढली तर चालेल का?

नमस्कार दादा,

मी सांगलीत विश्रामबागला राहते. माहेर तासगावकडचं. माहेरचा बेदाणा, सासरची राजापुरी हळद आणि माझ्या हातचा भडंग असा छोटा व्यवसाय चार वर्षांपासून करते, दुकानाची वेबसाइटही आहे. दिवाळीच्या आठ दिवस आधी फराळाच्या बॉक्सची जाहिरात मेलने पाठवायची ठरवली. माझ्याकडे ६,२०० पत्ते आहेत. १,९०० माझ्या गिऱ्हाइकांचे, १,१०० प्रदर्शनातल्या स्टॉलवर लकी ड्रॉसाठी लोकांनी वहीत लिहिलेले आणि ३,२०० एका ओळखीच्या डेटावाल्याकडून विकत घेतलेले. रात्री बसून बीसीसीत (म्हणजे एकमेकांचे पत्ते दिसत नाहीत त्या रकान्यात) शंभर-शंभर पत्ते टाकून पाठवत होते. पाच खेपा गेल्या, सहाव्याला जीमेलने मर्यादा संपल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत एकही मेल जाईना. ज्यांनी पैसे भरले होते त्यांना पावतीसुद्धा पाठवता आली नाही. तिघांचे फोन आले, एकीने तर ‘पैसे घेऊन गप्प बसलात का’ असं विचारलं. फार लाज वाटली.

भाचा म्हणतो, पाच जीमेल खाती काढू आणि रोज प्रत्येकातून चारशे पाठवू. त्याने एक सॉफ्टवेअरही बघितलंय, ते खाती फिरवत आपोआप पाठवतं. आमचे हे म्हणतात, मेलचा नाद सोड, व्हॉट्सॲपवर टाक. फेब्रुवारी-मार्चला नवा बेदाणा येईल, त्याआधी हे मार्गी लागायला हवं. काय करू?

— बेदाणेवाली, सांगली

ताई,

पाच खाती काढू नका आणि ते सॉफ्टवेअर तर मुळीच घेऊ नका. भाचा हुशार आहे यात शंका नाही, पण त्याने मांडलेला हिशेब जीमेलवाले २००४ सालापासून रोज बघतायत. मोबाइल नंबर एक, घरचं इंटरनेट एक, पाचही खात्यांतून मजकूर तोच आणि दुकानाची लिंक तीच. पाच निरनिराळ्या बायका एकाच रात्री एकच भडंग विकायला बसल्यात, हे यंत्रालासुद्धा पटत नाही. मर्यादा चुकवायला जास्तीची खाती काढणं त्यांच्या नियमात बसत नाही, त्यामुळे सापडलात की पाचही जाऊ शकतात. खाती गेली तर गेली म्हणा, पण त्या प्रत्येक मेलमध्ये तुमच्या वेबसाइटचा पत्ता असतो. त्याला लागलेला बट्टा नवीन खातं काढून पुसला जात नाही.

आणि ते फिरवणारं सॉफ्टवेअर. ते पाचही खात्यांचे पासवर्ड मागेल. मेल पाठवायला म्हणून दिलेला पासवर्ड मेल वाचायलाही चालतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. गिऱ्हाइकांचे पत्ते, फोन नंबर, बँकेची पत्रं, सगळं कपाट किल्लीसकट कुण्या अनोळखी माणसाच्या हातात जातं.

आता त्या रात्री काय झालं ते बघू. फुकटच्या जीमेल खात्यातून २४ तासांत साधारण ५०० जणांपर्यंतच मेल पाठवता येतात. बीसीसीत शंभर पत्ते घातले की तुम्हाला तो एक मेल दिसतो, मोजणाऱ्याला शंभर दिसतात. पाच खेपा म्हणजे पाचशे. कोटा तिथंच संपला. एकदा मर्यादा ओलांडली की १ ते २४ तास पाठवणं बंद राहतं. या काळात खातं उघडतं, आलेले मेल दिसतात, फक्त तुमच्याकडून काही जात नाही. म्हणूनच तुम्हाला ऑर्डरी दिसत होत्या आणि पावती देता येत नव्हती. शिवाय ही २४ तासांची मोजणी रात्री बाराला कोरी होत नाही, ती मागे सरकत चालते. ‘आता तारीख बदलली, चला परत’ म्हणून पुन्हा पुन्हा प्रयत्न केले असतील, तर त्याने काही साधलं नसणार.

पैसे भरून गूगल वर्कस्पेस घेतलं तर हीच मर्यादा दिवसाला २,००० मेलची होते, त्यातली मेल मर्ज (एकच मजकूर प्रत्येकाला त्याच्या नावाने पाठवायची) ही सोय वापरली तर १,५०० ची. म्हणजे भाच्याच्या पाच खात्यांची बेरीज सरळ मार्गाने एकाच खात्यात मिळते. तरीही जाहिरातीसाठी ते घ्या असं मी म्हणणार नाही. ती टपालपेटी माणसाने माणसाला लिहायला आहे. पावत्या, चौकशा, ‘ताई, हळदीचं पाकीट फुटून आलं’ असल्या तक्रारी तिथे येऊ द्यात.

मर्यादा का असते, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण उत्तर तुम्हाला माहीत आहे. तुमच्या माहेरच्या भागात ताकारी किंवा म्हैसाळ सिंचन योजनेचं आवर्तन सुटलं की प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. एकाने रात्रीत तीन मोटरी टाकल्या की टेलच्या शेतकऱ्याचं रान कोरडं राहतं आणि सकाळी बांधावर भांडण. मेलच्या सर्व्हरचं तसंच आहे. जीमेलच्या किंवा तुमची वेबसाइट ठेवणाऱ्या होस्टिंगवाल्याच्या ज्या सर्व्हरवरून तुमचा मेल निघतो, त्याच सर्व्हरवरून हजारो लोकांचे मेल निघतात. तिथून कचरा सुटायला लागला की पलीकडचे लोक त्या सर्व्हरचंच टपाल घेईनासे होतात, मग शेजारच्या डॉक्टरांचा रिपोर्टही अडकतो. म्हणून स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर ताशी काहीशेच मेल जाऊ देतात. तिथल्या मेलपेटीतून जाहिरात पाठवून जीमेलची मर्यादा चुकवू, असा विचार भाच्याच्या डोक्यात येईल. त्यालाही आत्ताच नाही म्हणून सांगा.

जाता जाता एक गंमत. मेलवरून झालेली पहिली घाऊक जाहिरात १९७८ च्या मे महिन्यातली मानतात. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी आर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावरच्या, सुमारे ४०० जणांना नवा संगणक बघायला यायचं आमंत्रण धाडलं. तेव्हाच्या मेलच्या प्रोग्रॅममध्ये इतके पत्ते मावेनात. जागा संपली आणि उरलेले पत्ते पत्राच्या मजकुरातच सांडले. म्हणजे पहिल्याच दिवशी हा धंदा मर्यादेला जाऊन धडकला होता, तुम्ही एकट्या नाही.

पण ताई, समजा जीमेलने तुम्हाला अडवलंच नसतं आणि ६,२०० मेल एका रात्रीत गेले असते, तर? माझ्या मते ते तुम्हाला जास्त महागात पडलं असतं. पाचशेवर थांबलात हे नशीब. पत्रातल्या मर्यादेपेक्षा मी अडखळलो ते ३,२०० या आकड्यावर.

विकतची यादी म्हणजे काय असतं, ते तुमच्या धंद्यातल्या भाषेत सांगतो. दुसऱ्याच्या शेडखालची झाडलोट कुणीतरी पोत्यात भरून बेदाणा म्हणून विकली. त्यात चार दाणे खरे निघतीलही. बाकी काड्या, माती आणि मागच्या वर्षीचा बुरशी आलेला माल. त्या पत्त्यांत बंद पडलेली खाती असतात, नोकरी सोडून गेलेल्यांचे ऑफिसचे पत्ते असतात आणि काही पत्ते तर फक्त सापळा म्हणून ठेवलेले असतात. सापळ्याचा पत्ता कुणा माणसाचा नसतोच. तिथे मेल आला याचा अर्थ एकच, पाठवणाऱ्याने यादी कुठून तरी उचलली. स्पॅमहाउससारख्या संस्था १९९८ पासून असल्या पाठवणाऱ्यांच्या काळ्या याद्या ठेवतात आणि जगभरचे मेल सर्व्हर त्या बघून दार लावतात. डेटावाल्याने ‘व्हेरिफाइड डेटा’ म्हणून दिला असेल. व्हेरिफाइड म्हणजे पत्ता चालू आहे, एवढंच. त्या माणसाने तुमच्या भडंगाची चौकशी केली होती, असं त्यात कुठे येत नाही.

आता आकडा मांडू. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने घाऊक मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. त्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो तक्रारीचा. तुमचा मेल ‘स्पॅम’ म्हणून ढकलणाऱ्यांचं प्रमाण ०.३ टक्क्याला पोचता कामा नये आणि खरं तर ०.१ च्या खालीच असावं. ०.३ टक्के म्हणजे हजारात तीन माणसं. सकाळी चहा पिताना, कुठली ही बाई म्हणत तिघांनी एक बटण दाबायचं, संपलं. विकतच्या ३,२०० पैकी नुसत्या वीस जणांनी ते दाबलं असतं तरी ०.६ च्या वर गेला असतात. मग पुढचा मेल, नेहमीच्या गिऱ्हाइकाला पाठवलेला, अगदी पावतीचासुद्धा, स्पॅममध्ये पडायला लागतो. तुम्हाला कुणी कळवत नाही. विक्री हळूहळू कमी होते आणि आपण म्हणतो, यंदा बाजारच थंड आहे.

तेव्हा ती ३,२०० ची फाइल पुसून टाका. ‘निदान एकदा पाठवून बघू’ नको. पैसे गेले ते गेले.

प्रदर्शनातल्या वहीचं मला जास्त वाईट वाटलं, कारण ती माणसं खरोखर तुमच्या स्टॉलसमोर उभी राहिली होती. पण त्यांनी नाव लिहिलं ते लकी ड्रॉसाठी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात हेच मध्यवर्ती आहे. संमती ज्या कामासाठी घेतली त्याच कामापुरती असते आणि ती काढून घेणं देण्याइतकंच सोपं असायला हवं. कायदा बाजूला ठेवला तरी साध्या व्यवहारात बसत नाही. मी तुमच्या जागी असतो तर वहीतली जुनी पानं सोडून दिली असती. गेल्या एक-दोन महिन्यांतल्या प्रदर्शनातली नावं असतील, तर त्यांना दहा-वीसच्या हिशेबाने, नावाने, हाताने एकेक मेल लिहा: ‘अमुक प्रदर्शनात आमच्या स्टॉलवर तुम्ही ड्रॉची चिठ्ठी टाकली होती. नवा बेदाणा आला की कळवू का? हो म्हणालात तरच कळवेन.’ उत्तर आलं नाही तर विषय संपला, दुसरी आठवण पाठवायची नाही. हेही काटेकोर बघितलं तर सीमेवरचंच आहे. म्हणूनच पुढच्या प्रदर्शनात वहीला एक रकाना वाढवा: ‘मेलवर माहिती हवी का? हो / नको’. ‘हो’वर आधीच टिक करून ठेवू नका. अकराशे नावांऐवजी दीडशे मिळतील. ती दीडशे तुमची.

राहिले १,९००. ही तुमची खरी पुंजी, आणि हिलाही निवड लागतेच. शेडवरून उतरलेला बेदाणा तुम्ही थेट पेटीत भरता का? काड्या निघतात, चाळणी होते, मग रंगावर आणि जाडीवर प्रत लावायची. तसं एक्सेल उघडा आणि एक दुपार द्या. पत्त्याच्या रकान्यावर सॉर्ट मारा. तुम्हाला ‘जीमेल’चं स्पेलिंग चुकवलेले पत्ते दिसतील, शेवटचा ‘कॉम’ अर्धवट राहिलेले दिसतील, एकच बाई तीनदा दिसेल: एकदा माहेरच्या नावाने, एकदा सासरच्या आणि एकदा नवऱ्याच्या मेलवरून. काही ओळींत पत्त्याच्या जागी मोबाइल नंबर असेल. स्पेलिंगची चूक अंदाजाने दुरुस्त करू नका. फोन नंबर आहे ना, विचारा. नंतर शेवटची खरेदी कधी झाली ते पुढे लिहा. गेल्या वर्षभरातले एका रंगात, दोन वर्षांपर्यंतचे दुसऱ्या, त्याहून जुने तिसऱ्या. हे तीन रंग पुढे कामाला येणार आहेत.

आणखी एक यादी आत्ताच सुरू करा, तिला ‘नको म्हणालेले’ असं नाव द्या. कुणी नाव काढायला सांगितलं की लोक ती ओळ पुसून मोकळे होतात. सहा महिन्यांनी जुनी फाइल कुठून तरी परत चढते आणि त्याच माणसाला पुन्हा मेल जातो. त्या वेळी तो माणूस नाव काढायला सांगत बसत नाही, सरळ स्पॅमचं बटण दाबतो. तेव्हा पुसू नका, या यादीत हलवा आणि दर वेळी पाठवण्याआधी तिच्याशी ताडून बघा.

बीसीसीबद्दल. मी हे उपदेश करायच्या लायकीचा कसा झालो ते सांगतो. साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका छोट्या सहलीवाल्याचं काम मी तेव्हा बघत होतो. कासच्या फुलांच्या हंगामाची जाहिरात ३४० जणांना पाठवायची होती. घाईत मी सगळे पत्ते बीसीसीऐवजी सीसीत चिकटवले, जिथे सगळ्यांना सगळ्यांचे पत्ते दिसतात. दहा मिनिटांत एका गृहस्थांनी ‘मला यातून काढा’ असं सगळ्यांना उत्तर पाठवलं. मग त्यांना दुसऱ्याने उत्तर दिलं की सगळ्यांना का पाठवता, तेही सगळ्यांना. संध्याकाळपर्यंत साठ-सत्तर मेल फिरले. त्यात एका मॅडमनी, माझा पत्ता या चारशे पुरुषांना कुणी दिला, असं विचारलं होतं. आकडा चुकीचा होता, प्रश्न बरोबर. चूक संपूर्ण माझी, शिव्या त्या बिचाऱ्या मालकाने खाल्ल्या. त्या दिवसापासून मी हाताने पत्ते चिकटवून कुणालाही घाऊक मेल पाठवलेला नाही.

मग कसा पाठवायचा? घाऊक मेलच्या सेवेतून. ती प्रत्येकाला स्वतंत्र मेल पाठवते, नाव काढायची लिंक आपोआप लावते, परत आलेल्या मेलचा हिशेब ठेवते. ब्रेवोसारख्या सेवेत फुकटात दिवसाला ३०० मेल जातात, तुमच्या सुरुवातीला तेवढे पुरतात. भाच्याला हौस असेल तर ॲमेझॉनची एसईएस आहे, हजार मेलला १० अमेरिकी सेंट इतकी स्वस्त. पण ती नव्या माणसाला आधी अंगणातच खेळवते. दिवसाला २०० मेल, तेही फक्त तुम्ही पडताळून दिलेल्या पत्त्यांवर. पुढे जायचं तर तुम्ही कोण, यादी कुठून आणली, हे लिहून परवानगी घ्यावी लागते. आणि पैसे भरले म्हणून कुणी डोळेझाक करत नाही. तिथे ५ टक्के मेल परत यायला लागले की खातं तपासणीखाली येतं, १० टक्क्यांना पाठवणं थांबवू शकतात. तक्रारी ०.१ टक्क्याला पोचल्या की तपासणी, ०.५ ला पाठवणं थांबवू शकतात. विकतची यादी घेऊन तिथे गेला असतात तर पहिल्याच खेपेत बाहेर पडला असतात.

त्याआधी एक गोष्ट लागेल: तुमच्या दुकानाच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, आणि त्यावरचा मेल पत्ता. वेबसाइट आहे म्हणजे डोमेन आहेच. जीमेलचा पत्ता पाठवणारा म्हणून लावून दुसऱ्याच सेवेतून मेल सोडला, तर तो तोतया दिसतो आणि तशीच वागणूक मिळते. जाहिरातीसाठी मूळ डोमेनखाली एक वेगळी शाखा काढा, ‘बातमी’ नावाची म्हणा. पावत्या मूळ पत्त्यावरून, जाहिरात शाखेवरून. म्हणजे जाहिरातीत काही गडबड झालीच तर पावत्यांना झळ कमी बसते. त्या रात्रीचं दुखणं मुळात हेच होतं, दोन्ही एकाच दारातून जात होते.

मग तीन नोंदी करायच्या, डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्या नावाच्या जाहीर नोंदवहीत. नावं ऐकून घाबरू नका, काम भाच्याचं आहे, तुम्ही फक्त झालं का विचारायचं. एसपीएफ म्हणजे या डोमेनचं टपाल कोणकोणत्या सर्व्हरवरून निघू शकतं याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे पोत्याच्या तोंडाला लावलेलं सील. वाटेत मजकूर बदलला तर ते तुटतं आणि सील तुमचंच आहे हे घेणाऱ्याला तपासता येतं. डीमार्क म्हणजे पहारेकऱ्याला दिलेली सूचना, की या दोन्हींत न बसणारं कुणी आमच्या नावाने आलं तर काय करायचं. सुरुवातीला ती ‘काही करू नका, फक्त आम्हाला कळवा’ अशी ठेवतात, अहवाल येतात ते वाचतात, मग हळूहळू कडक करतात. पहिल्या दोहोंपैकी एक तरी आता जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला लागतं, दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांना तिन्ही. तुम्ही ५,००० च्या कितीतरी आत आहात, तरीही तिन्ही करून घ्या. एकदा एका दिवशी तो आकडा गाठलात की गूगल तुम्हाला कायमचं घाऊक पाठवणारं धरतं, आणि धंदा वाढणारच नाही असं कशावरून?

आता नव्या बेदाण्याचा मेल. डोमेन मेलच्या जगात नवखं असतं तेव्हा पहिल्याच दिवशी दोन हजार मेल सोडायचे नाहीत. पहिल्या रंगातली माणसं, गेल्या वर्षभरात खरेदी केलेली, त्यातल्या दोनशेंना पहिल्या दिवशी. परत किती आले, तक्रार किती, बघा. ठीक असेल तर दोन दिवसांनी तीनशे. असं करत पंधरवड्यात पहिले दोन रंग पुरे होतील. तिसरा रंग, दोन वर्षांहून जुना, त्यांना आधी फक्त ‘अजून आमच्याकडून ऐकायला आवडेल का’ एवढंच विचारा. पत्ताच अस्तित्वात नाही म्हणून परत आलेला मेल त्याच दिवशी यादीतून बाद. पेटी भरलीय म्हणून परत आलेला असेल तर दोन-तीनदा संधी द्या. गूगलचं पोस्टमास्टर टूल्स फुकट आहे, तिथे डोमेन जोडून ठेवलं तर तक्रारीचं प्रमाण दिसू शकतं. संख्या कमी असताना ते बऱ्याचदा रिकामंच दिसतं, त्यावर काळजी करू नका.

मजकुराबद्दल फार सांगत नाही, माल तुमचा, भाषा तुमची. तीनच खोड्या टाळा. विषयात खोटं ‘उत्तर:’ किंवा ‘रि:’ लावून आधीचं बोलणं चालू असल्याचा आव आणायचा नाही, ते नियमातच बसत नाही. सगळी जाहिरात एका मोठ्या चित्रात कोंबायची नाही. चित्र उघडलं नाही तर समोरच्याला पांढरा चौकोन दिसतो. आणि वर्डमधून रंगीबेरंगी मजकूर उचलून चिकटवायचा नाही. त्याच्याबरोबर वर्डचा अदृश्य पसारा येतो, आणि १०२ केबीच्या पुढे गेलेला मेल जीमेल खालून कापतं. आपलं देवनागरी अक्षर साठवायला तीन बाइट लागतात, रोमन अक्षराला एक, त्यामुळे आपण जरा लवकरच काठाला येतो. कापलं जातं ते शेपूट आणि शेपटातच नाव काढायची लिंक असते. ती सापडली नाही की माणूस काय करतो ते वर आलंच आहे. मी तर म्हणेन, लिंक वरच्या बाजूलाही एकदा द्या: ‘हे मेल नको असतील तर इथे दाबा’. दाबलं की झालं, पासवर्ड नाही, कारण विचारणं नाही. दोन दिवसांच्या आत नाव निघालंच पाहिजे, मोठ्या पाठवणाऱ्यांना तसं बंधनच आहे.

तुमच्या ह्यांचं म्हणणं अगदीच मोडीत काढत नाही. रोजच्या गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲप सोयीचं आहे. पण तिथल्या ब्रॉडकास्टमध्ये एका यादीत २५६ जण मावतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो. परक्यांना घाऊक पाठवायला लागलात तर तिथंही नंबर बंद होतो, आणि तो नंबर तुमच्या पाकिटांवर छापलेला असणार. मेल ठेवा. वर्षातून पाच-सहा वेळा, नवी हळद, नवा बेदाणा, गौरी-गणपती, दिवाळी. त्याहून जास्त सांगण्यासारखं असेल तेव्हा पाठवा, दर सोमवारी उगाच नको.

हे सगळं करण्याआधी त्या तिघांना फोन करा. मेल नको, फोन. ‘त्या दिवशी माझं मेल खातं बंद पडलं होतं, चूक माझी, पावती आज पाठवते.’ जिने पैसे घेऊन गप्प बसलात का असं विचारलं, तिला बेदाण्याचं छोटं पाकीट पाठवलंत तर मी त्याला जाहिरात म्हणणार नाही.

आणि भाच्यासाठी एक निरोप. डीएनएस उघडलं की एसपीएफची जुनी नोंद आधीपासून आहे का ते बघायला सांगा, होस्टिंगवाल्यांनी बहुधा घातलेली असते. नवी सेवा त्याच ओळीत जोडायची, खाली दुसरी ओळ टाकायची नाही. एका डोमेनला एसपीएफच्या दोन ओळी दिसल्या की तपासणारा दोन्ही बाद धरतो, आणि मग तो ‘सगळं तर केलंय मामी’ म्हणत आठवडाभर डोकं धरून बसेल.